ऑटोने पुसलेली हळद

फोटो आवडला, हे सांगायला लॅबमध्ये कुणी येत नाही. आवडला असेल तर माणूस पाकीट खिशात घालून गुपचूप निघून जातो. काउंटरपाशी जे रेंगाळतात ते तक्रारीसाठी. मी काळी आलेय. मी जाड आलेय. माझा शालू मोरपंखी होता, हा निळा कुठून आणलात. ह्यांचे डोळे मिटलेत, तेवढे उघडून द्या. एका गृहस्थांनी घरच्या ग्रुप फोटोतून मेव्हण्याला काढून टाकायला सांगितलं. मी काढला. पुढे दोघांचा समेट झाला, तेव्हा ते परत आले आणि मेव्हण्याला होता तिथे घालून द्या म्हणाले. घालताना जरा मागे सरकवा, असंही म्हणाले.

संपादकांनी ‘तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा’ असं कळवलंय. गमती आठवायला बसले की मला राग येतो, त्याला माझा इलाज नाही. तेव्हा जे आठवतंय तेच लिहिते.

मी साताऱ्यातल्या एका कलर लॅबमध्ये काम करते. राहायला वाईला. रोज एस.टी.नं जाऊन-येऊन. माझे वडील पाचगणीच्या एका शाळेत भोजनगृहाचे हिशेब बघायचे, त्यामुळे माझं शिक्षण त्या शाळेत, इंग्रजीतून झालं. त्या शिक्षणानं मला दोन गोष्टी दिल्या. एक, अनोळखी माणसाशी कोणत्या भाषेत बोलावं हे न सुचून गप्प राहण्याची सवय. दुसरी, ही नोकरी.

लॅबच्या मालकांना सगळे भाऊ म्हणतात. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा भाऊंनी मुंबईहून वापरलेलं, पण आमच्याकडे कुणी पाहिलेलं नसलेलं एक मशीन आणलं. धुतलेल्या रोलची पट्टी त्यात सरकवली की ते एकेक चित्र वाचून संगणकाच्या पडद्यावर दाखवायचं. तिथे रंग, उजेड हवा तसा करून घ्यायचा आणि मग प्रिंट सोडायची. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत. भाऊंनी ओळखीपाळखीत विचारलं, इंग्रजी येणारी मुलगी आहे का. माझं नाव निघालं. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, “मीनल, वाच.”

मी वाचलं. “ऑटो एन्हान्समेंट.”

“म्हणजे काय?”

“आपोआप सुधारणा.”

“बास. हेच पायजे होतं,” भाऊ म्हणाले, आणि माझ्या त्रासाला सुरुवात झाली.

हे प्रकरण नवख्यांना समजावून सांगायला हवं. रंगीत फोटोत खरा रंग असा कुठे लिहिलेला नसतो. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो हिरवट येतो, बल्बखाली काढलेला तांबूस, संध्याकाळचा निळसर. प्रिंट काढणाऱ्यानं तो हिशेब सांभाळायचा. पिवळा थोडा कमी कर, गुलाबी थोडा वाढव, उजेड चढव. हे आधी लोक डोळ्यानं करत. आता संगणकातलं ते बटण स्वतःच करणार होतं. पण ते कसं करतं? ते माणूस, झाड, गाय काही ओळखत नाही. फोटोतले सगळे रंग एकत्र कालवले तर शेवटी करडा रंग यायला हवा, एवढं एकच त्याचं म्हणणं. एखादा रंग जास्त दिसला की तो चुकून आलाय असं समजून ते त्याला खरवडून काढतं.

ज्यानं हे बनवलं त्याच्या देशात सगळं करडं असेलही. आमच्याकडे नाही.

कराडकडचा एक बागाईतदार उसाच्या फडात उभा राहून फोटो काढून आला. चारी बाजूंनी हिरवं. ऑटोला वाटलं, हिरवा फार झाला. त्यानं हिरवा काढला, आणि ते गृहस्थ गाजरासारखे गुलाबी होऊन बाहेर आले. फलटणकडच्या एका बौद्ध कुटुंबाचं लग्न आलं. नवरी, करवल्या, आया, मावश्या, सगळ्या पांढऱ्याशुभ्र साड्यांत. ऑटोला एवढा पांढरा सोसेना. त्यानं सगळ्यांना राखाडी केलं. नवरीची आई काउंटरवर प्रिंट ठेवून म्हणाली, “भाऊ, ह्या साड्या आमी घडी मोडून नेसलो हुतो. तुमच्या मशिनीत चुलीम्होरं बसवलं का काय आमास्नी?”

मशीन बिघडलंय असं वाटून भाऊंनी सांगलीहून इंजिनिअरला बोलावलं. तो टाय लावून आला. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. त्यानं माझ्याकडे न बघता भाऊंना सांगितलं, “मशीन ओके आहे. ऑपरेटर मध्ये हात घालतात ना, त्यानं घोळ होतो. सगळं ऑटोवर ठेवा.” त्याच महिन्यात सांगलीच्याच एका हळद व्यापाऱ्यानं कॅलेंडरसाठी आपल्या वखारीतल्या ढिगाचा फोटो पाठवला होता. ऑटोवर ठेवून त्याची प्रिंट निघाली. हळदीची खडी झाली होती. रस्त्यावर पसरायची खडी. जगभर हळद पाठवणाऱ्या गावचा तो इंजिनिअर, त्यानं ती प्रिंट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “बांधकामाचा व्यवसाय आहे का ह्यांचा?”

तरीही भाऊंनी नियम केला. सगळं ऑटोवर. हातानं रंग फिरवायचा तर त्यांना विचारून. मशीनसाठी त्यांनी बायकोच्या माहेरच्यांकडून पैसे उचलले होते, त्यामुळे ते मशीन चुकू शकतं हे त्यांना घरात परवडणारं नव्हतं. मी आत एसीच्या खोलीत काचेमागे बसायचे, बाहेरच्या तक्रारी ऐकायचे, आणि गप्प राहायचे. सातारा जिल्ह्यातली निम्मी लग्नं मी त्या पडद्यावर पाहिली. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला बघून, हिच्या लग्नात हिचा भाऊ रडत होता, हे मला आठवायचं. तिला मी माहीतही नसायचे. मला ते बरं वाटायचं.

ज्यासाठी हे लिहायला घेतलं ती हकीकत इथून सुरू होते.

एके दिवशी काचेबाहेर दोघं येऊन उभे राहिले. साठीचा एक धनगर, डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी. बरोबर त्याची मुलगी, माझ्याच वयाची. दहिवडीच्या पलीकडच्या वस्तीवरचे. म्हाताऱ्यानं कोपरीच्या खिशातून एक फोटो काढला आणि काउंटरवर ठेवला.

“ह्यो तुमीच काडला का?”

भाऊंनी पाठीमागचा आमचा शिक्का आणि तारीख पाहिली. “प्रिंट आमची आहे. फोटो तुमच्या दहिवडीच्या शिवाजी फोटोवाल्यानं काढलाय.”

“शिवाजी म्हंतो फोटो माजा, रंग लॅबचा.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ओळखेन. जिल्ह्यातल्या प्रत्येक फोटोग्राफरचं हेच म्हणणं असतं. चांगला आला तर कॅमेरा, वाईट आला तर लॅब.

“मग काय झालं रंगाला?” भाऊंनी विचारलं.

मुलगी म्हणाली, “ह्यात माजी हळद न्हाई.”

मी काचेतून वाकून पाहिलं. मांडवात पाटावर ती बसलेली. समोर एक बाई हातात वाटी घेऊन तिच्या गालाला काहीतरी लावतेय. बाजूला तिचे वडील उभे. पाटावरच्या मुलीची साडी मळकट पांढरी, चेहऱ्यावर करडा लेप, हात राखेत घातल्यासारखे. मला लगेच कळलं काय झालंय. पिवळी साडी, पिवळा चेहरा, वर पिवळ्या कापडाचा मांडव आणि त्यातून गाळून आलेलं पिवळं ऊन. ऑटोनं पिवळा म्हणून जे जे होतं ते सगळं पुसून टाकलं होतं.

“दोन वर्षांनी आता आठवण झाली?” भाऊ म्हणाले. “तेव्हाच सांगायचं होतं.”

“तवा काय करायची हुती हळद?” मुलगी म्हणाली. “तवा अंगावर हुती.”

मग तिच्या वडिलांनी हळूहळू सगळं सांगितलं. मुलीचं नाव सुनंदा. नवरा मुंबईत गोदीत कामाला. लग्नानंतर वर्षभर नांदवली, मग माहेरी पाठवली ती पाठवलीच. तिकडे त्यानं दुसरं घर केलं. सुनंदानं पोटगीसाठी दहिवडीच्या कोर्टात दावा लावला, तर त्यानं सांगितलं, हिच्याशी माझं लग्नच झालेलं नाही. सुपारी फुटली होती, पुढं मोडलं. लग्नाचा अल्बम आणि त्याची निगेटिव्ह नवऱ्याकडच्यांनी नेलेली. ती जळली म्हणतात. नवऱ्याचा चुलता गावात वजनदार, त्यामुळे अक्षता टाकलेली माणसं आता अक्षता आठवत नाहीत म्हणतात. सुनंदाकडे राहिला एवढा एकच फोटो. तिच्या वस्तीवर हळदीच्या दिवशी काढलेल्या रोलमधला.

“ही वाटीवाली कोण?” भाऊंनी विचारलं.

“त्येची सख्खी भन. माजी नणंद,” सुनंदा म्हणाली. “उष्टी हळद घिऊन आल्याली.”

आमच्याकडे हळद आधी नवऱ्या मुलाला लागते. त्याच्या अंगाची उरलेली, म्हणजे उष्टी हळद त्याची बहीण वाजतगाजत मुलीकडे नेते आणि तिच्या हातानं मुलीला लावते. सुपारीत कुंकू लागतं, ओटी भरतात, पण उष्टी हळद कुणी आणत नाही. ती आली म्हणजे लग्न आलं. नवऱ्याच्या वकिलानं हाच फोटो हातात घेऊन कोर्टाला सांगितलं होतं, की हा सुपारीचाच कार्यक्रम आहे, मुलीनं फिकट साडी नेसलीय आणि मुलाची बहीण तिला चंदनाचं गंध लावतेय. फोटो बघून कुणालाही ते पटलं असतं.

“हळद दिसली पायजेल,” म्हातारा म्हणाला. “लावू नगा. हुती तेवढी दावा.”

भाऊ आत आले आणि मला म्हणाले, “जमेल?”

“ऑटो काढावा लागेल.”

ते क्षणभर मशीनकडे बघत राहिले. मग मान डोलावून बाहेर गेले.

शिवाजीकडे हळदीच्या रोलची निगेटिव्ह सुदैवानं होती. मुलीकडच्यांनी मागितली नाही म्हणून पडून राहिलेली. पुढच्या खेपेला त्यानं ती आणून दिली आणि वर म्हणाला, “म्याडम, जरा झ्याक काडा हां, कोर्टात माझं नाव जाणार हाय.”

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. पिवळा परत आणायचा, पण किती? मांडवाच्या कापडाचा पिवळा वेगळा आणि हळदीचा वेगळा. सगळाच ठेवला तर जमिनीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना हळद लागलेली दिसते. फोटोत एखादी अशी वस्तू शोधावी लागते जिचा रंग आपल्याला ठाऊक आहे. ती बरोबर केली की बाकीचे रंग आपापल्या जागी येतात. मला सुनंदाच्या वडिलांचा पटका सापडला. पांढरा. मी पटका पांढरा होईपर्यंत रंग फिरवला आणि थांबले. मांडवाच्या उन्हाचा पिवळा निघून गेला होता. सुनंदाचे गाल, कपाळ, कोपरापर्यंत हात आणि साडी मात्र पिवळी राहिली होती. वाटी घेतलेल्या नणंदेची बोटं पिवळी होती. पेरापर्यंतच.

सुनंदानं ती प्रिंट पिशवीत घातली. छान आलाय, असं ती म्हणाली नाही. कुणीच म्हणत नाही.

पुढच्या तारखेनंतर समन्स आलं. नवऱ्याच्या वकिलानं हरकत घेतली होती की पहिली प्रिंट पांढरी आणि दुसरी पिवळी, तेव्हा दुसरीत संगणकानं रंग भरलाय. प्रिंट काढणाऱ्यानं येऊन सांगावं. समन्स भाऊंच्या नावानं होतं. त्यांना कोर्ट म्हटलं की घाम फुटतो. त्यांनी वकिलाकरवी कळवलं, की प्रिंट मीनलनं काढलीय, तीच येईल, आणि मला म्हणाले, “तूच जा. तुला इंग्लिश येतं.”

“कोर्ट मराठीत चालतं, भाऊ.”

“असूदे. येतंय ते बरंय.”

मला अनोळखी माणसापुढे नाव सांगणंसुद्धा जड जातं. बसमध्ये मी सगळी वाक्यं मनात म्हणून पाहिली, आधी इंग्रजीत, मग मराठीत. पुसेगाव गेलं तेव्हा मला सगळं पाठ होतं. दहिवडीला उतरले तेव्हा काहीही आठवत नव्हतं.

आधी शिवाजीची साक्ष झाली. त्यानं फोटो आपण काढल्याचं सांगितलं. हळदीचा कार्यक्रम होता का, असं विचारल्यावर तो नवऱ्याच्या चुलत्याकडे बघून म्हणाला, “साहेब, मी दिवसाला तीन-तीन कार्यक्रम करतो. बटन दाबायचं माझं काम. रंगाचं लॅबला इचारा.”

मग मी उभी राहिले. नवऱ्याचे वकील अतिशय गोड बोलत होते.

“ही पहिली प्रिंट कशी काढली?”

“ऑटोवर. मशीननं आपोआप.”

“माणसाचा हात लागला नाही?”

“नाही.”

“आणि ही दुसरी?”

“मी हातानं रंग दुरुस्त करून.”

“म्हणजे ज्या फोटोला माणसाचा हात लागला नाही तो खोटा, आणि ज्यात तुम्ही हातानं रंग फिरवला तो खरा?”

“हो,” मी म्हणाले. सगळे हसले. हे बरोबर आहे आणि ऐकायला मूर्खपणाचं वाटतं, ह्याला मी काय करणार.

मी निगेटिव्ह काढून दाखवली. निगेटिव्हमध्ये रंग उलटे असतात, हळद निळसर-जांभळी दिसते, तिला कुणी हात लावू शकत नाही, असं सांगितलं. न्यायाधीशांनी ती पट्टी खिडकीकडे धरली. त्यांनी डोळे बारीक केले. वकील म्हणाले, “साहेब, आता आपण निळ्या हळदीपर्यंत आलो.” पुन्हा हशा.

“पिवळा नेमका किती हवा हे तुम्ही कसं ठरवलं?”

“फोटोत एक पांढरा पटका आहे. तो पांढरा येईल इतका.”

“पटका पांढरा होता हे तुम्ही पाहिलंत?”

मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून सुनंदाचे वडील उठले. “त्योच हाय साहेब, ह्यो काय डोक्याला,” म्हणून त्यांनी पटका काढून पुढे धरला.

कोर्टात जायचं म्हणून तो आदल्या दिवशी धुतला होता, आणि उजळ दिसावा म्हणून नीळ दिली होती. भरपूर नीळ. पटका आभाळासारखा निळा झाला होता.

न्यायाधीशांनी त्यांना खाली बसायला सांगितलं. वकिलांनी मला पुढे काहीच विचारलं नाही, नुसतं हसून मान झुकवली. निगेटिव्ह लागेल, दुपारपर्यंत थांबा, असं मला सांगण्यात आलं. मी मागे सुनंदाच्या शेजारी जाऊन बसले. मला तिची क्षमा मागायची होती की तिच्या वडिलांवर ओरडायचं होतं, ते कळत नव्हतं. एवढ्या खटपटीनं एक रंग जागेवर आणावा आणि जो तो त्यात आपली नीळ ओतत राहावा.

“नानांना म्याच म्हनलं धुवा म्हनून,” सुनंदा हळूच म्हणाली. “मळका दिसू नये.” मग तिनं विचारलं, “तुमचं लगीन झालं का?”

“नाही.”

“मग फोटू काडणारा चांगला बगा.”

दुपारी नवऱ्याच्या बाजूची साक्ष सुरू झाली. साक्षीदार म्हणून त्याची बहीण आली. फोटोतली वाटीवाली. नीटनेटकी, ठसठशीत बाई. इतका वेळ ती बाहेर झाडाखाली बसली होती, त्यामुळे आत काय झालं ते तिला माहीत नव्हतं. पढवल्याप्रमाणे तिनं सगळं न अडखळता सांगितलं. सुपारीला गेलो. ओटी भरली. गंध लावलं. मग जमलं न्हाई, मोडलं. हातात पहिली प्रिंट दिली. “व्हय, ही मीच. गंध लावतीया.”

सुनंदाच्या वकिलांनी उलटतपासणीत फारसं काही विचारलं नाही. त्यांनी नुसती दुसरी प्रिंट तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “आणि ह्यात?”

ती प्रिंट तिनं जवळ धरली, लांब धरली, उजेडाकडे तिरकी केली. मला ती लकब चांगली ओळखीची होती. काउंटरवर रोज तेच बघते मी. तिच्या कपाळाला आठी पडली, ओठ बाजूला गेले, आणि नाराजीनं ती म्हणाली, “आवं, येवढी पिवळी कुटं? हे कायतरीच क्येलंय. वाटीभर तर न्हेली हुती, त्यातली निम्मी जीपमदी सांडली. म्या दोन बोटं लावली गालाला. येवढी तिच्या आयनं चोपडली आसंल मागनं.”

कुणी हसलं नाही.

“काय नेली होती वाटीभर?” न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं.

तिनं भावाकडे पाहिलं. मग वकिलाकडे. मग पुन्हा हातातल्या फोटोकडे, जसं काही तो तिला उत्तर सांगणार होता. तिच्या बोटांची पेरं त्यात पिवळी दिसत होती.

“हळद,” ती म्हणाली.

माझ्या सगळ्या नोकरीत एवढी एकच तक्रार मला कानाला गोड लागलीय. निळसर-जांभळी निगेटिव्ह, पांढरा पटका, माझी पाठ केलेली वाक्यं, ह्यांतलं काहीही कामाला आलं नाही. त्या बाईला रंग जास्त वाटला, आणि ते बोलून दाखवल्याशिवाय तिला राहवलं नाही, बस्स. दोन-तीन तारखांनंतर पोटगीचा हुकूम झाल्याचं शिवाजीकडून कळलं. सांगून तो वर म्हणाला, “बगा म्याडम, माझ्या फोटोनं काम केलं.”

भाऊंनी त्यानंतर नियम जरा सैल केला. हळद, भंडारा, ऊस आणि पांढऱ्या साड्या ह्यांना ऑटोतून सूट मिळाली. बाकी सगळं ऑटोवरच. पालीच्या खंडोबाच्या जत्रेचे रोल आले की भाऊ स्वतः आत येऊन बजावतात, “भंडारा हाय हां, हातानं कर,” जणू हे त्यांनीच शोधून काढलंय.

काही महिन्यांनी सुनंदा एकटीच लॅबमध्ये आली. वडील मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरले होते. ह्या वेळी ती काउंटरवर थांबली नाही, सरळ काचेपाशी आली आणि बोटानं टकटक केलं. मी तिला आत घेतलं. एसीत तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला.

“त्यो फोटू आजून हाय का मशिनीत?”

निगेटिव्ह कोर्टाकडून सुटून तिच्याकडेच होती. तिनं ती पिशवीतून काढून दिली. मी पट्टी सरकवली. चित्र पडद्यावर आलं, मांडवाच्या उन्हात न्हालेलं, सगळं पिवळं. मी सवयीनं पटका पांढरा करायला घेतला. सुनंदानं माझं मनगट धरलं.

“हा नगं. पयला हुता तसा द्या.”

“पहिला? तो बिघडलेला?”

“व्हय. हळद नसल्याला.” पडद्यावरच्या स्वतःकडे ती बघत होती. “वाटीवाली कापता येती का?”

“येते.”

“मग ती कापा. मी आन् नाना, दोघंच राहू द्या. मला घरात लावायला पायजेल. नानांचा दुसरा फोटू न्हाई, आन् माजाबी त्या वयाचा न्हाई.”

मी कडेची बाई कापली, गालापाशी उरलेली तिची बोटंही पुसली. पाटावरची मुलगी आणि शेजारी उभे तिचे वडील, एवढंच राहिलं. मग मी ऑटोचं बटण दाबलं. मशीननं क्षणभर विचार केल्यासारखं केलं, आणि तिच्या गालांवरून, कपाळावरून, हातांवरून पिवळा उतरत गेला. साडी फिकट झाली. चेहरा करडा झाला. कुठल्याही दिवशी, कुठल्याही कारणानं दारात बसलेली मुलगी.

प्रिंट बाहेर आली तेव्हा भाऊ दारातून डोकावत होते. त्यांनी ती सुनंदाच्या खांद्यावरून पाहिली, मग मशीनकडे पाहिलं.

“ऑटोवर काढलास ना?” ते मला म्हणाले. “बघ, कसा आलाय.”

सुनंदा प्रिंट उजेडाकडे तिरकी करून बघत होती. मी तक्रारीची वाट बघत थांबले.

“चांगला आलाय,” ती म्हणाली.